बादलीभर पाण्यात गाडी धुताना: रिन्सलेस वॉश पहिल्यांदा घरी कसा करायचा

रिन्सलेस वॉश म्हणजे बादलीभर पाण्यात खास द्रव मिसळून ओल्या टॉवेलने गाडी धुवायची आणि नंतर वरून पाणी मारायचंच नाही. त्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, वरून पाणी न मारता पुसलं तर गाडीवर चरे नाही का पडणार? प्रश्न अगदी बरोबर आहे. माझ्याकडेही त्या द्रवाची बाटली आणून कितीतरी दिवस कपाटात पडून होती, कारण गाडी काळी आणि काळ्या रंगावर उन्हात काय काय दिसतं ते काळी गाडीवाल्यालाच माहीत. एका रविवारी नळाला पाणी नव्हतं, गाडीवर आठवड्याची धूळ होती, म्हटलं चला अर्ध्या बॉनेटवर करून बघू. ते अर्धं बॉनेट झालं, मग दुसरं अर्धं, मग टप, आणि दीड तासात पूर्ण गाडी झाली तेव्हा बादलीत तळाला थोडं पाणी शिल्लकच होतं. तेव्हापासून मी पाइप फक्त चिखलाच्या दिवशी काढतो. पण हे नीट जमायला काही गोष्टी सांभाळाव्याच लागतात आणि त्यातल्या बहुतेक बाटलीवर लिहिलेल्या नसतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. धुळीतले बारीक कण फडक्याखाली दाबले गेले आणि घासत पुढे गेले की त्या थरावर रेघ उठते. अशा हजारो बारीक रेघा म्हणजेच उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात ते स्वर्ल मार्क. रिन्सलेस वॉशच्या पाण्यात मळ सोडवणारे घटक असतात आणि बरोबर पॉलिमर असतात, ते त्या कणांना वेढून घेतात आणि कण आणि रंग यांच्यामध्ये एक निसरडा थर तयार करतात. त्यामुळे कण घासला न जाता सुटून टॉवेलच्या लव्हांमध्ये जाऊन बसतो. साध्या कार शॅम्पूचं तसं नाही, त्याचा फेस आणि मळ वरून पाणी मारून वाहवून द्यावाच लागतो, नाहीतर वाळून पांढरट थर बसतो. इथे मुळात फेस नावापुरताच येतो आणि गाडीवर उरणारा अंश इतका कमी असतो की टॉवेलने टिपला की काम झालं. म्हणून घरातला शॅम्पू पातळ करून असं करायला जाऊ नका, ती वस्तूच वेगळी आहे.

अजून एक घोळ होतो तो म्हणजे वॉटरलेस आणि रिन्सलेस एकच समजणं. वॉटरलेस म्हणजे तयार स्प्रे, मारला आणि पुसला, त्याला पाणी अगदी कमी लागतं आणि तो हलक्या धुळीपुरताच बरा. रिन्सलेस म्हणजे कॉन्सन्ट्रेट, जो बादलीत मिसळायचा आणि चांगल्या ओल्या टॉवेलने धुवायचं. नवीन माणसाने रिन्सलेसनेच सुरुवात करावी असं माझं मत आहे, पाणी जास्त म्हणजे चुकीला माफीही जास्त.

आता गाडी बघा. हात लावू नका, फक्त बघा, आणि दरवाज्यांच्या खालची पट्टी आणि चाकांच्या मागचा भाग जरा वाकून बघा. नुसती धूळ, वाळलेले पावसाचे थेंब, रोजच्या रस्त्याचा काळपट थर असेल तर खुशाल करा. पण चिखलाचे पापुद्रे असतील, वाळू चिकटलेली असेल, बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर टाकतात ते मीठ बसलेलं असेल, तर हे त्या दिवसाचं काम नाही. आधी पाइपने नाहीतर प्रेशर वॉशरने तो जाड माल उडवून टाका आणि मग हवं तर हात लावण्याचा टप्पा रिन्सलेसने करा. या बाबतीत मी फार कडक आहे, कारण लोकांच्या गाड्या रिन्सलेसने खराब होतात त्या बहुतेक वेळा अशाच, ज्या दिवशी करायचं नव्हतं त्या दिवशी केल्यामुळे.

सामान फार लागत नाही. एक स्वच्छ बादली (फरशी पुसायची नको, तिच्या तळाला कायम कच असते), माप घ्यायला औषधाची मोठी सिरिंज किंवा खुणा असलेला कप, एक स्प्रे बॉटल, हाताने हवा भरायचा पंप स्प्रेयर असेल तर उत्तमच. आणि मायक्रोफायबर टॉवेल. यातच काटकसर करू नका. धुवायला ६ ते ८, कोरडं करायला २ चांगले जाड, आणि चाकांसाठी जुने २ जे पुन्हा कधीच रंगाला लागणार नाहीत. चाकांचे वेगळ्या रंगाचे घेतले की डोक्याला ताप नाही. नवीन टॉवेल आधी एकदा धुऊन घ्या, त्यांचा सुटा धागा निघून जातो, आणि कोपऱ्यात शिवलेलं ते कडक लेबल कापून टाका, हाताला लागतंय म्हणजे रंगालाही लागणार.

प्रमाणाचं सांगतो. ऑप्टिमम नो रिन्स, पी अँड एस ॲब्सोल्यूट यासारख्या बऱ्याच प्रॉडक्टना धुण्यासाठी १:२५६ असं डायल्युशन असतं. म्हणजे १० लिटर पाण्याला साधारण ४० मिली, ५ लिटरला २० मिली. आकडा बघून लोकांना वाटतं एवढ्याशाने काय होणार, आणि मग हात सैल सुटतो. माझाही सुटला होता, पहिल्या वेळी अंदाजाने ओतलं, बहुतेक दुप्पट तिप्पट गेलं असेल, आणि गाडी वाळल्यावर बॉनेटवर धुरकट पट्टे दिसायला लागले, बोट फिरवलं की जरा अडखळल्यासारखं व्हायचं. साध्या पाण्यात घट्ट पिळलेला टॉवेल फिरवून आणि लगेच कोरडं करून ते गेले, नुकसान काही नाही, पण तेव्हापासून सिरिंजशिवाय मोजत नाही. तुमच्या बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा, सगळ्यांचं सारखं नसतं. मध्यम गाडीला ८ लिटर भरपूर होतात. त्यातलंच थोडं स्प्रे बॉटलमध्ये भरून घ्या, ते आधी भिजवायला लागेल, आणि सगळे धुवायचे टॉवेल एकदमच बादलीत बुडवून ठेवा.

जागा सावलीची हवी आणि पत्रा गार हवा. हाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवून बघा, गरम लागलं तर थांबा, नुकतीच चालवून आणली असेल तरी थांबा. गरम पत्र्यावर पाणी बघता बघता वाळतं आणि मग तुम्ही भिजवलेला मळ पुन्हा कोरडा होऊन बसतो, सगळं मुसळ केरात. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, या दोनच वेळा मला जमतात.

आणि सुरू करायच्या आधी एक काम नक्की करा, जे मी केलं नव्हतं आणि नंतर फार हळहळलो. मोबाइलचा टॉर्च लावून बॉनेटवर तिरका धरा आणि आधीच किती चरे आहेत ते बघून घ्या, फोटो काढून ठेवा. नाहीतर धुतल्यावर स्वच्छ रंगावर जुनेच स्वर्ल पहिल्यांदा दिसतात आणि माणूस म्हणतो याच्यामुळेच पडले. पहिल्या वेळी पूर्ण गाडी करूच नका खरं तर. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावा, एका बाजूला तुमची नेहमीची पद्धत, दुसऱ्या बाजूला ही, वाळल्यावर टेप काढून दोन्ही बाजूंवर टॉर्च धरून बघा. दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा हे बघितलेलं बरं.

आता प्रत्यक्ष काम. टपापासून सुरुवात, मग काचा, बॉनेट, डिक्की, दरवाज्यांचा वरचा अर्धा भाग, आणि शेवटी दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर. एका वेळी एक किंवा दोनच पॅनल घ्यायचे. स्प्रेने पॅनल चांगला ओला करा, कंजुषी नको, पाण्याचे ओघळ खाली उतरताना दिसले पाहिजेत. मग एक दोन मिनिटं सोडा. या वेळात खालच्या कडेला जमणारं पाणी बघा, पहिल्यांदा ते मातकट, चहासारखं येतं. तेवढा मळ तुम्ही हात न लावताच उतरवला, म्हणून ही पायरी कधी गाळायची नाही. सुकू मात्र द्यायचं नाही, सुकायला लागलं असं वाटलं की परत एक हात स्प्रे.

बादलीतून एक टॉवेल काढा, अगदी हलका पिळा. किती हलका, तर उचलल्यावर धार लागू नये पण थेंब पडत राहावेत. त्याची घडी घाला, अर्ध्यावर आणि परत अर्ध्यावर. आता तुमच्या हातात ४ थरांची चौकोनी घडी आहे आणि उलटसुलट करत गेलात तर त्या एका टॉवेलच्या ८ स्वच्छ बाजू मिळतात. सगळा खेळ या ८ बाजूंचा आहे. बोटांनी दाब न देता तळहात सपाट ठेवून, टॉवेलचं स्वतःचं वजन जेवढं पडेल तेवढ्यावरच, एका सरळ रेषेत एका दिशेने ओढा. गोल गोल नाही, पुढेमागे नाही. टोकाला पोचलात की उचला, परत सुरुवातीला या, आधीच्या पट्ट्यावर जरासा चढवून दुसरा पट्टा. साधारण अर्धा पॅनल झाला की टॉवेल उलटा करून बघा. पुढच्या कडेला मिशीसारखी एक काळी रेघ दिसेल, हा गोळा झालेला मळ. ती बाजू संपली. ती परत रंगाला लावायची नाही, पुढची स्वच्छ बाजू काढायची. आठही संपल्या की टॉवेल बाजूला, बादलीत परत नाही, आणि नवीन टॉवेल घ्यायचा. अशी बऱ्याच टॉवेलांची पद्धत गॅरी डीन मेथड म्हणून ओळखली जाते. पुष्कळ लोक एकच स्पंज किंवा मिट (हातमोज्यासारखं धुवायचं फडकं) घेऊन प्रत्येक पॅनलनंतर बादलीच्या तळाच्या जाळीवर घासून साफ करतात, तेही चालतं, पण मळलेली गोष्ट परत त्याच पाण्यात बुडवायची हेच मला पटत नाही. टॉवेल जास्त लागतात, धुवायला वेळ जातो, पण बादलीतलं पाणी शेवटपर्यंत नितळ राहतं आणि मन शांत राहतं.

एका पॅनलवर दोनपेक्षा जास्त वेळा हात फिरवावा लागत असेल तर चुकीचं चाललंय असं समजा. घासायचं नाही, परत भिजवायचं. पक्ष्याची शीट वाळून कडक झाली असेल तर तिच्यावर पाणी सुटलेला ओला टॉवेल चार पाच मिनिटं नुसता ठेवून द्या, मग अलगद उचलून घ्या, दाबून पुसलं तर तिच्यात असणारे बारीक खडे रंगावरून ओढले जातात. समोरच्या बंपरवरचे किडे पण असेच, भिजवा आणि थांबा. डांबराचे काळे ठिपके यातून निघत नाहीत, त्यांना वेगळा टार रिमूव्हर लागतो, तिथे जोर लावून काही उपयोग नाही.

पॅनल पुसून झाला की तो ओला असतानाच कोरडा करा, सगळी गाडी धुऊन मग कोरडं करू असं नको. जाड टॉवेल पसरून ठेवायचा, दोन कोपरे धरून हलके स्वतःकडे ओढायचा, पाणी तो आपसूक पितो. अगदी कोरडा टॉवेल जरा अडकतो म्हणून त्यावर आधी दोन फवारे मारून घेतो मी, फरक हाताला जाणवतो. काचांवर थोडे पट्टे दिसले तर दुसरा कोरडा टॉवेल फिरवा, जातात.

खालच्या अर्ध्या भागाला हात लावाल तो नवीन टॉवेलनेच आणि त्यानंतर तो टॉवेल वर जाणार नाही, काहीही झालं तरी नाही. दरवाज्याच्या खालच्या पट्टीवर आणि मागच्या बंपरवर सगळ्यात जास्त वाळू असते, मागच्या बाजूला गाडी स्वतःच धूळ ओढून घेते. इथे स्प्रे दोनदा करा, आणि एका बाजूने एकच पट्टा ओढून लगेच बाजू बदला. आठ बाजू इथे भराभर संपतात, संपू द्या.

टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो संपला. झटकून चालत नाही, पाण्यात खळबळून पण नाही. माझ्या हातातून शेवटच्या दरवाज्याला एकदा पडला, मी उचलून, झटकून, स्वच्छ दिसतोय म्हणून वापरला, आणि काढल्या काढल्या मागच्या दरवाज्यावर वीतभर लांबीची एक सरळ रेघ. एक वाळूचा दाणा अडकला असणार बस. ती पॉलिशने बरीच पुसट झाली पण पूर्ण गेली नाही, मला अजून दिसते. म्हणून एक दोन टॉवेल जास्तीचे भिजवून ठेवा, मग असा मोह होत नाही.

चाकं मी सगळ्यात शेवटी घेतो. बरेच जण आधी करतात कारण त्यांचं पाणी स्वच्छ बॉडीवर उडतं, पण पाइप किंवा प्रेशरच नसल्यामुळे इथे उडायचा प्रश्नच फारसा येत नाही, आणि शेवटी केलं की उरलेलं पाणी आणि चाकांसाठीचे जुने टॉवेल दोन्ही सत्कारणी लागतात. ब्रेकची काळी पूड चिवट असते, स्प्रे करून जरा जास्त वेळ थांबावं लागतं. लांबून चालवून आणलेल्या गाडीच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नका. आणि चाकाला लागलेला टॉवेल पुढच्या जन्मी पण चाकाचाच, धुऊन कितीही स्वच्छ दिसला तरी त्यात लोखंडाचे बारीक कण राहतात.

दरवाजे उघडून आतल्या कडा, डिक्कीची खाच, पेट्रोलच्या झाकणामागचा भाग, हे पण शेवटी एका वेगळ्या टॉवेलने पुसून घ्या. पाइपने धुतलं की इथे पाणी जाऊन बसतं, या पद्धतीत बसत नाही, हा एक फायदा कोणी सांगत नाही.

झाल्यावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून अलगद फिरवून बघा. स्वच्छ दिसणाऱ्या गाडीवरही बारीक रव्यासारखं खरखरीत लागलं तर तो रंगात रुतलेला मळ आहे, तो कुठल्याच धुण्याने जात नाही, त्याला क्ले बार (असा मळ ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) लागतो. आणि गंमत म्हणजे त्या क्लेला लागणारं वंगण पण याच बाटलीतून होतं, ऑप्टिममवाले त्यासाठी १:६४ सांगतात. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर रिन्सलेस बिनधास्त चालतं, ते कोटिंग उतरवत नाही.

उरलेलं बादलीतलं पाणी साठवू नका, एकदा टॉवेल त्यात बुडाले की ते वापरलेलं पाणी झालं. मी त्यात पायपुसण्यासारखे रबरी फ्लोअर मॅट धुतो. स्प्रे बॉटलमधलं न वापरलेलं पाणी काही दिवस राहतं, पण वास यायला लागला किंवा गढूळ दिसलं की फेकून द्या.

टॉवेल त्याच दिवशी धुवा. वाळले की मळ धाग्यात पक्का बसतो. आधी रंगाचे, मग चाकांचे वेगळे, आणि घरच्या सुती कपड्यांबरोबर अजिबात नाहीत कारण सुताची लव मायक्रोफायबरला चिकटून बसते. लिक्विड डिटर्जंट थोडंसं, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, तो धाग्यांवर थर चढवतो आणि मग टॉवेल पाणी पित नाही, नुसता ढकलतो. कडक गरम पाणी किंवा ड्रायरची जास्त उष्णता पण नको, धाग्यांची टोकं आखडून कडक होतात. वाळत घालताना धूळ येईल अशा गच्चीच्या कठड्यावर नको, आत दोरीवर टाका आणि वाळल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवा.

वेळ मला आता पाऊण तास लागतो, पहिल्यांदा दीड लागला होता, तुम्हालाही लागेल, घाई करू नका. दर आठवड्याला केलं तर प्रत्येक वेळी मळ कमी असतो आणि काम सोपं होत जातं, महिन्याने एकदा करणाऱ्याला हीच पद्धत अवघड वाटते.

सगळं झाल्यावर गाडी जागेवर उभी करून ठेवू नका, पाच मिनिटं हळू चालवून दोन चार वेळा ब्रेक दाबा म्हणजे डिस्क कोरड्या होतात, नाहीतर सकाळपर्यंत त्यांच्यावर गंजाचा तांबूस थर येतो आणि पहिला ब्रेक खर्रकन वाजतो. शेजारच्या सीटवर एक कोरडा टॉवेल टाकून घ्या, कारण परत आल्यावर बाहेरच्या आरशांच्या खाचेतून आणि नंबर प्लेटच्या मागून पाण्याचे एक दोन ओघळ हमखास उतरलेले असतात, ते तेवढे टिपून घेतले की काम संपलं.